पाच लिटर तापी

“वहिनी, आंघोळ झालीय ना तुमची?”

परक्या माणसानं भर दुपारी असं विचारल्यावर मी गोंधळून मान हलवली. लगेच त्यानं पाच लिटरचा एक पांढरा कॅन माझ्या हातात दिला.

“मग एवढं धरा. तापीचं पाणी आहे, गडावर चाललंय. जमिनीला टेकवू नका, हातातून सोडू नका. आलोच मी.”

आणि तो बाभळींच्या आडोशाकडे अशा घाईनं गेला की त्याला थांबवणं माणुसकीला धरून झालं नसतं.

कोजागिरी दोन दिवसांवर होती. कोजागिरीला सप्तशृंगीच्या गडावर देवीला नद्यांच्या पाण्यानं न्हाऊ घालतात आणि ते पाणी माणसं खांद्यावर कावड घेऊन पायी आणतात. बांबूच्या दोन टोकांना दोन भांडी. पूर्वी ती पितळी असायची म्हणे, आता बहुतेक प्लॅस्टिकचे कॅन. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं, वर झेंडूची माळ. नदीत भरलेलं पाणी देवीच्या अंगावर पडेपर्यंत जमिनीला लागायचं नाही. लागलं तर माघारी जायचं आणि नव्यानं भरून आणायचं. या माणसाचं नाव सुपडू, हे मला नंतर कळलं. शिरपूरकडून सहा दिवस अनवाणी चालत आला होता आणि नेमका आमच्या वळणावर त्याचा बांबू कडकन मोडला. एक कॅन घेऊन त्याचा जोडीदार पुढे मुक्कामाकडे गेला, दुसरा माझ्या वाट्याला आला.

मला यातलं तेव्हा निम्मंसुद्धा नीट माहीत नव्हतं. मी नाशिकरोडची. लग्नाला पाच महिने झाले होते आणि त्या दुपारी मला तीनची एस.टी. पकडून कायमचं निघून जायचं होतं.

पिशवी मी सकाळीच भरून रस्त्याच्या मोरीपाशी, एरंडाच्या आड ठेवली होती. चार साड्या, सर्टिफिकेटांची फाईल, मोबाईल. सगळे मुक्कामाच्या गडबडीत असणार, कुणाचं लक्ष जाणार नाही, असा माझा हिशेब.

आमच्या घरचा मुक्काम कावडवाल्यांत प्रसिद्ध आहे. गिरणेच्या काठाला सासऱ्यांची दीड एकर मळई, नदीच्या गाळाची जमीन. मका निघाला की माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, तिथं दुसरं काही पेरू देत नसत. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत ते रान पायी चालणाऱ्यांचं. शेडनेटचे मांडव, बायांना वेगळा, ताडपत्रीची न्हाणी, आणि बाप्यांना झोपायला रिकामी झालेली कांद्याची चाळ. चाळीसारखी झोपायची जागा नाही. दोन्ही बाजूंनी वारा, खालूनही वारा. फक्त गडावर पोचेपर्यंत अंगाला कांद्याचा वास. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कोण कुठला विचारायचं नाही. आणि झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, घराला आग लागली तरी, हा आत्याबाईंचा कायदा. ही मंडळी पहाटे चालतात, ऊन चढलं की झोपतात. त्यामुळे बारा ते पाच आमच्या मळईत चाळीस-पन्नास माणसं घोरत असायची आणि आम्ही घरचे मुक्यासारखे खाणाखुणा करत हिंडायचो.

तर मी कॅन घेऊन उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाभळींच्या पलीकडून सुपडू नदीवर गेलेला दिसला. डुबकी मारली. अंग पुसलं. लाल टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि अगदी निवांत, मळईच्या त्या अंगाला वळून, सरळ चाळीत शिरला. जोडीदारानं कॅन माझ्याकडून नेला असणार असं त्याला वाटलं, हे त्यानं नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त तोंड उघडं टाकून बघत राहिले.

हाक मारायची सोय नाही. चाळीत चाळीस बाप्ये उघडेबंब झोपलेले, तिथं पाच महिन्यांची नवरी जाणार कशी? खाली मांडी घालून बसावं, तर कॅनचं बूड टेकायची भीती. पाच लिटर म्हणजे काय, असं पहिली पाच मिनिटं वाटतं. मग मनगट बोलायला लागतं. मी कॅन उजव्या कमरेवर घेतला, डाव्या कमरेवर घेतला, पोटाशी धरला. कडेवर काही घेऊन तासन् तास उभं राहायची सवय तेव्हा मला नव्हती.

नाशिकरोडला एका लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करत होते. लग्नाच्या बैठकीत स्वच्छ ठरलं होतं, मुलगी नोकरी सोडणार नाही, हेमंत नाशिकला खोली घेईल, शनिवार-रविवार शेतावर. लग्नानंतर त्या ठरावाचं नाव कुणी काढेना. मी हेमंतला विचारलं की तो माझा हात हातात घेऊन म्हणायचा, “आईला आवडणार नाही गं. तिच्या कलानं घ्यावं लागेल. जरा थांब.” असं थांबत थांबत ऑक्टोबर आला. आदल्या दिवशी लॅबच्या मॅडमचा फोन आला, सोमवारी येत असशील तर ये, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

आत्याबाईंशी माझं भांडण नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. आमच्यात “मीठ कुठंय” आणि “डब्यात” याच्यापुढं काही गेलंच नव्हतं. त्या एका खोलीत आल्या की मी दुसऱ्या खोलीत काहीतरी काम काढायची.

आणि त्याच आत्याबाई चुलीवरून उठून, पदराला हात पुसत, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“काय करू राहिली तू?” त्या कुजबुजल्या.

“एकानं धरायला दिलं.”

“कोण एक?”

“नाव नाही माहीत. लाल टॉवेलवाला. चाळीत जाऊन झोपला.”

त्यांनी कॅनकडे पाहिलं, चाळीकडे पाहिलं, मग उगाच रस्त्याकडे पाहिलं.

“किती टाईम झाला?”

“अर्धा तास झाला असेल. आत्याबाई, तुम्ही घ्याल का जरा? मला काम होतं.”

“पहाटपासून चुलीत अन् शेणात हात आहे माझा. असे हात नाही चालत याला. थांब, आंघोळ करून येते.”

आणि त्या नदीकडे निघाल्या. त्यांचा उजवा गुडघा तेव्हाही वाकत नसे. उतारावर त्या आडव्या चालायच्या, खेकड्यासारख्या. मी वरून बघत होते. लुगड्यासकट पाण्यात उतरल्या, दगड धरून तीन डुबक्या घेतल्या. माझ्या डोक्यात फक्त घड्याळ चालू होतं. पावणेतीन होत आले असतील. या आल्या की कॅन देते, घरात जाते म्हणून मागच्या दारानं मोरीकडे पळते. जमतंय.

आल्या त्या निथळत, काखेत कांद्याची दोन रिकामी क्रेट आणि हातात एक जाड काठी. क्रेट समोरासमोर पालथी घातली. काठी कॅनच्या मुठीतून ओवली.

“बस.”

“मी कशाला? तुम्ही घेणार होता ना?”

“एकटीच्यानं पेलवंल का मला? मनगट बघ माझं. बस तिकडं, टोक मांडीवर घे.”

मी बसले. त्या माझ्यासमोर बसल्या. काठीचं एक टोक माझ्या मांडीवर, एक त्यांच्या, आणि मध्ये तापी लोंबकळत, जमिनीपासून वीतभर वर. गुडघ्याला गुडघा लागत होता. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. पाच महिन्यांत मी त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. हनुवटीवरचं गोंदण हिरवं नसून निळं आहे हे मला तेव्हा दिसलं.

चाळीतून घोरणं येत होतं, कुणी जाड आवाजाचा, कुणी शिट्टी मारणारा.

“मोरीपाशी पिशवी कोणाची गं?” त्यांनी विचारलं.

मी कॅनकडे बघत काठी घट्ट धरली.

“कुत्रं ओढू राहिलं होतं. मी घरात आणून ठेवली,” त्या म्हणाल्या. “फाईल चावली असती ना त्यानं.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “माझी आहे. तीनच्या गाडीनं चालले होते मी.”

“माहेरी?”

“हो.”

“दिवाळीला पंधरा-वीस दिवस आहेत. मग आत्ताच?”

“दिवाळीला नाही. कायमची.”

त्यांनी कपाळावरचं पाणी पुसलं. “का गं? मारलं का तुला कोणी? उपाशी ठेवलं?”

“हळू बोला, लोक झोपलेत.”

“हळूच बोलू राहिली मी. तू सांग.”

मग आमचं भांडण झालं. आयुष्यातलं आमचं पहिलं भांडण, आणि सगळं कुजबुजत. रागानं कुजबुजणं किती अवघड असतं ते करून बघावं. शब्द ओठांतून तिखट फुटतो आणि आवाज मात्र देवळातला. मी म्हटलं, तुम्ही कधी माझ्याशी बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, तू कधी थांबलीस? मी म्हटलं, मला रक्त तपासायचं काम येतं, इथं शेणाच्या टोपल्या टाकायला मी शिकले नाही. त्या म्हणाल्या, “रक्त काढायचं काम? ते तर पाच महिन्यांपासून माझं फुकटात करू राहिली.” मला त्याही स्थितीत हसू आलं आणि म्हणून आणखीच राग आला. मी तिरीमिरीत उठायला गेले. काठी कलली, कॅन सर्रकन माझ्याकडे घसरला आणि हेलकावा घेऊन मातीपासून चार बोटांवर आला. दोघींनी एकदमच झडप घातली. तिचे हात माझ्या हातांवर पडले.

तिचे म्हणाले मी. त्या क्षणी खरंच सासू-बिसू काही नव्हतं, दोन बायका आणि एक कॅन.

“बस खाली,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “तो बिचारा पाय फोडून आलाय. तुझ्या गाडीपायी त्याला परत शिरपूरला धाडू नको.”

मी बसले. आणि तेवढ्यात एस.टी. आली. मळईच्या वरच रस्ता. घाटावरून उतरताना तिचा आवाज लांबून येतो. थांबली. दार आपटलं. कंडक्टरनं घंटी दिली. ती निघून पार पुलापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.

“गेली,” आत्याबाई म्हणाल्या.

“हो.”

“सहाची आहे अजून.”

मला रडू फुटलं. काठी सोडता येईना, म्हणून डोळे पुसता येईनात. नाक ओढत बसले. त्यांनी आपला ओला पदर पुढं केला, मी त्यात तोंड पुसलं.

“लॅबवाल्या मॅडमनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय,” मी म्हटलं. “तुम्हाला आवडत नाही म्हणून मी पाच महिने थांबले. आणखी किती थांबू?”

“मला काय आवडत नाही?”

“मी नोकरी केलेली. नाशिकला राहिलेलं.”

“कोण म्हणालं?”

“हेमंत.”

आत्याबाईंनी काठीचं टोक मांडीवर सावरून घेतलं. चाळीतला शिट्टीवाला थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“मला तर तो म्हणाला, तिलाच नोकरी नको आहे. बैठकीत उगं बोलायचं म्हणून बोलली. बैठकीत आम्ही बाया आत चहा गाळू राहिलो होतो, मला काय ठाऊक बाहेर काय ठरलं? मी आपली म्हणू राहिले, पोरगी स्वतःच राहिली घरी, मग तोंड का पाडते? मला वाटलं, आमचं शेण-माती तुला आवडत नाही. म्हणून तुझ्या वाटेला जात नव्हते.”

“मला काहीच म्हणायचं नव्हतं शेणमातीला.”

“आत्ता तर टोपल्या काढल्यास.”

“रागानं बोलले.”

त्या जराशा हसल्या. “लहानपणापासून असाच आहे तो. कोणाचं मन मोडवत नाही त्याला. ज्याला जे गोड लागंल ते सांगून मोकळा. एकदा दोन मामांना एकाच दिवशी येतो म्हणाला अन् दिवसभर पेरूच्या झाडावर बसून राहिला.”

“माझ्याशी लग्न करायला झाडावरून उतरला तेवढं बरं.”

“मी उतरवला,” त्या म्हणाल्या.

आणि म्हणतात ना, नाव काढलं की माणूस हजर. हेमंत ट्रॅक्टरवर पाण्याचे ड्रम घेऊन आला. लांबच बंद केला, कायद्याप्रमाणे. खाली उतरून दोन पावलं आला, तर समोर आई आणि बायको गुडघ्याला गुडघा लावून, आई ओलीचिंब, बायकोचे डोळे सुजलेले, दोघी त्याच्याकडे बघताहेत. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. मग काहीतरी विसरल्यासारखं खिसे चाचपले आणि आल्या पावली ट्रॅक्टरच्या मागे जाऊन ड्रमच्या आड बसला.

“पेरूचं झाड,” आत्याबाई पुटपुटल्या.

आम्ही हसायला लागलो. आवाज करायची चोरी, म्हणून हसू पोटातच उसळत राहिलं, आणि मध्ये तापी डुचमळत होती, थेंब न सांडता.

साडेचार-पावणेपाचला चाळ जागी झाली. लाल टॉवेलवाला सुपडू बाहेर आला, जांभई देत आमच्याकडे पाहिलं आणि त्याची जांभई अर्धीच राहिली.

“माय वं. तुमच्याकडेच राहिला? मला वाटलं जोडीदारानं, झिपरूनं नेला.” तो माझ्या पायाच पडायला लागला. “वहिनी, इतका वेळ धरून बसलात? चाळीत आकडे आहेत ना, लोखंडी. तिथं अडकवायचा. आमच्या सगळ्यांच्या कावडी तिथंच टांगलेल्या आहेत.”

“मी चाळीत कशी येणार? तुम्ही झोपलेले.”

“तुम्ही नाही, पण आज्जी तर येतात. दर साली आज्जीच अडकवून देतात आमची भांडी, आम्ही घोरत असलो तरी. चुलीवरून उठून हात धुतात अन् येतात. काय हो आज्जी?”

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी काठी कॅनमधून ओढून काढली, क्रेट काखेत मारली आणि म्हणाल्या, “चूल विझली असंल.” आणि आडव्या चालीनं निघून गेल्या.

विचारायला सवड मिळाली नाही. मंडळी उठली, चहा, पाणी, सुपडूसाठी नवा बांबू, आमच्याच बेटातला. साडेपाचला आत्याबाईंनी माझी पिशवी बाहेर आणली. वर एक फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. हेमंत ड्रमांआडून निघाला होता.

“तिला सहाच्या गाडीवर सोड,” त्या त्याला म्हणाल्या, आता मोठ्यानं. “अन् दिवाळीच्या आत नाशिकला खोली बघ. जमत नसंल तर मला आत्ता सांग, तिच्यासमोर. मग मीच जाते तिच्यासंगं राहायला, तू इथं म्हशी बघ.”

हेमंतनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एकाच वेळी दोघींना गोड लागेल असं उत्तर त्याला आयुष्यात पहिल्यांदा सापडलं.

“बघतो,” तो म्हणाला.

आणि त्यानं बघितली. जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर, पाणी एकच तास येणारी. सोमवारी मी लॅबला हजर झाले. आत्याबाई त्या डुबक्यांपायी चार दिवस तापानं फणफणल्या होत्या, हे मला दिवाळीला कळलं, तेही शेजारणीकडून.

तेव्हापासून दर कोजागिरीला मी चार दिवस रजा टाकते आणि मळईत असते. चाळीतले आकडे आता मला पाठ आहेत. पण ती गोष्ट विचारायची राहून जायची. दोघींच्या मध्ये काही काम असलं की बोलता येतं, नाहीतर आम्ही आपापल्या वाटेनं.

गेल्या साली मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर आत्याबाई जेल रोडला आल्या, नातीला न्हाऊ घालायला. मला म्हणाल्या, तुमच्या शहरातल्या बाया लेकराला पाण्यात नुसतं बुडवून काढतात. मोरीत पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले, त्या न वाकणाऱ्या गुडघ्यासकट, आणि पोरीला पायांवर पालथी घातली. मी समोर उकिडवी बसून तांब्यानं पाणी ओतत होते. पोर आधी किंचाळली, मग कोमट पाणी पाठीवरून ओघळायला लागलं तशी निवली. आता त्यांना हलता येत नव्हतं आणि मलाही.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “तुम्हाला आकडे माहीत होते.”

त्या पोरीच्या मानेखाली तेल चोळत होत्या. कुठले आकडे, असं त्यांनी विचारलं नाही.

“मग नदीत कशाला उतरलात?”

“पाच महिन्यांत तू कधी एका जागी बसली होतीस माझ्यासमोर?” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी बसण्याजोगी सापडलीस. ओत पाणी, गार होऊ राहिलं.”

मी ओतलं.